बेटावरून आणलेला दुसरा भुंगेरा

सर, गेल्या महिन्यात आपला भुंगेरा छापून आला. तुम्ही तरुणपणी अंदमानच्या त्या बेटावरून आणलेला, तांदळाच्या कणीएवढा, तांबूस पाठीचा. त्याला आता नाव आहे, वर्णन आहे, चार पानं चित्रं आहेत, आणि जगात कुठेही कुणी तो उचलला तर त्याला आमच्या कागदाशी ताडून बघावं लागेल. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता विरारला राहते, मुंबईतल्या एका संस्थेत कीटकांच्या विभागात आहे. माझे केस तुमच्या तेव्हाच्या केसांइतके पांढरे झालेत. आज सुट्टी आहे, घरात कुणी नाही, आणि जे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं ते लिहायला बसले आहे.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हा पाचूबंदरची एक कोळ्याची पोर होते, सकाळी आईबरोबर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलून मग कॉलेजला येणारी. हाताला वास राहायचा म्हणून मी शेवटच्या बाकावर बसायची. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवायचा. एकदा प्रात्यक्षिकाला झुरळाची लाळग्रंथी काढायची होती आणि सगळ्या वर्गात ती फक्त माझी अखंड निघाली. तुम्ही भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, घरी काय करतेस? मला वाटलं वासाबद्दल बोलताय. मी खाली मान घालून सांगितलं, करंदी सोलते. तुम्ही वर्गाला म्हणालात की हे हात बघून घ्या, असे हात शिकवून येत नाहीत. त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर बसले.

मग रविवार सुरू झाले. चर्चमधली तुमची मिस्सा आटोपली की मी सायकलने तुमच्या गावी, नंदाखालला यायची. आई रिकाम्या हाती पाठवायची नाही, कधी सुकट, कधी बोंबील कागदात बांधून द्यायची आणि म्हणायची, "किरं बघायला जाते खरी, पन त्या मानसाला त्रास देऊ नको गो." तुमच्या वाडीत केळीचे घड उतरवल्यावर कापलेले बुंधे एका बाजूला कुजत पडलेले असायचे. तुम्ही कोयत्याने असा एक बुंधा उभा चिरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. त्या काळ्या पाणचट गरात बारीक किडे पळत होते. मला ते मुंग्या वाटले. तुम्ही एक उचलून तळहातावर घेतलात. हा भुंगेरा आहे, म्हणालात, पण याचं वरचं कवच बघ, धाकट्या भावाचा सदरा घातल्यासारखं आखूड, अर्धं पोट उघडंच. त्या आखूड कवचाखाली मात्र नीट घडी घातलेले पूर्ण पंख असतात. तुम्ही सुईने एक पंख उलगडून दाखवलात. एवढ्याशा जागेत एवढा पंख कसा मावला याचं मला इतकं नवल वाटलं की घरी जाऊन मी आईला ओढणीची घडी घालून दाखवत बसले.

तुम्ही फारसे रागवायचा नाहीत. एकदाच रागवलात. चिंचोटीच्या ओढ्याकाठून मी तीसेक किडे गोळा करून आणले होते आणि बाटलीत चिठ्ठी टाकायची विसरले होते. तुम्ही बाटली उजेडाशी धरलीत, फिरवलीत आणि शांतपणे मोरीत रिकामी केलीत. "कुठे सापडला ते लिहिलेलं नसेल, तर तो किडा नव्हे, केर," एवढंच म्हणालात. मी वाटेत रडले. पुढच्या रविवारी तुम्ही मला एक चिमटा दिलात, टोकं केसाइतकी बारीक, तुमच्या स्वतःच्या डब्यातला. तो चिमटा अजून माझ्याकडे आहे. टोकं मी दोनदा घासून घेतली आहेत.

बेटावरचे ते दोन भुंगेरे तुम्ही मला फार उशिरा दाखवलेत, मी एम.एस्सी.ला गेल्यावर. तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात आणि तुमचे हात कापायला लागले होते. कप बशीत ठेवताना आवाज व्हायचा आणि तुमच्या पत्नी, आमच्या आंटी, मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. तुम्ही कपाटातून लाकडी पेटी काढलीत. आत टाचणीला टोचलेले पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण होते आणि त्यांच्या टोकांवर डिंकाने चिकटवलेले ते दोघे. त्याच्या पंचवीस वर्षं आधी एका पाहणीच्या तुकडीबरोबर तुम्ही सुट्टीत दोन महिने बेटांवर गेला होतात. जंगलातला पालापाचोळा चाळताना एकाच ठिकाणी हे दोन मिळाले. परत आल्यावर मिळतील तेवढी पुस्तकं पाहिलीत, कुठेच जुळेनात. परदेशातल्या एका जाणकाराला चित्रं काढून पाठवलीत. त्यांचं उत्तर तुम्ही मला वाचायला दिलंत: जात नवी दिसते आहे, पण हिच्या जवळच्या जाती बाहेरून सारख्याच असतात. नराचा जननावयव काढून त्याचं चित्र दिल्याशिवाय काही ठरवता येणार नाही. त्या गटात ती कुलपाची किल्ली असते, प्रत्येक जातीची वेगळी. तुम्ही ते काम पुढे ढकलत राहिलात. कॉलेज, मुली, वाडी. आणि मग हात गेले.

"यातला एक नर असावा," तुम्ही म्हणालात. "तू काढ."

ते फेब्रुवारी-मार्चचे दिवस होते. तुमच्या स्वयंपाकघरातलं खिडकीजवळचं टेबल उजेडासाठी निवडलं. आंटींनी टेबलावरची बरणी, पाव, सगळं उचललं. तुम्ही सूक्ष्मदर्शक आणून ठेवलात आणि वाडीत गेलात, केळी उतरवायला माणूस आला होता म्हणून. मला वाटतं तुम्ही मुद्दाम गेलात. तुम्ही मागे उभे राहिला असतात तर माझा हात बिघडला असता हे तुम्हाला ठाऊक होतं. आधी एक भुंगेरा तपासला, ती मादी निघाली; मग मी दुसरा कोमट पाण्यात मऊ केला, पोटाची शेवटची कडी सोडवली, आतलं मांस विरघळावं म्हणून पोटॅशमध्ये ठेवली. तासाभराने भिंगाखाली पाहते तर आत तो अवयव स्वच्छ दिसतोय. पिवळसर, मिठाच्या कणाएवढा, एका बाजूला वळलेला. नरच होता. मी तो मोकळा केला आणि सुईच्या टोकावर उचलला. ग्लिसरिनचा थेंब टाकलेली काच वीतभर अंतरावर आहे. मी श्वास धरलाय. मागे आंटी भाकरी भाजतायत, आणि त्या मायेनं म्हणतात, "किती घामाघूम झालीस बाय," आणि भिंतीवरचं बटण दाबतात.

पंख्याचा पहिला झोत आला आणि सुईचं टोक रिकामं झालं.

मी तेव्हा ओरडले नाही. आंटींना कळलंही नाही. त्या भाकरी उलटून मागच्या पडवीत गेल्या. मी पंखा बंद केला, भिंग घेऊन टेबलाची फट न फट पाहिली, मग गुडघ्यांवर बसून लाल लादी पाहिली. अर्धा तास मी तुमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर रांगत होते. पिठाचे कण होते, मीठ होतं, तांदळाच्या कोंड्याचे तुकडे होते, आणि प्रत्येक कण तोच वाटत होता. वाडीतून तुमचा आवाज जवळ यायला लागला तेव्हा मी उठून खुर्चीवर बसले. तुम्ही दारात पाय धुतलेत, पंच्याला हात पुसत आत आलात आणि माझ्याकडे बघितलंत.

"सर, हीपण मादीच आहे," मी म्हणाले.

"नीट पाहिलंस?"

"हो."

तुम्ही पंचा खुंटीला लावलात. मग "बरं" म्हणालात आणि आंटींना हाक मारलीत, हिला सुकेळी बांधून दे, आईला आवडतात. मी ती वाळवलेली केळी घेऊन सायकलवर बसले.

खरं सांगायला फार काही लागलं नसतं. हरवला, एवढा एकच शब्द. पण तुम्ही वर्गाला माझे हात दाखवले होते, आणि ते हात म्हणजेच मी, असं मला तेव्हा वाटायचं. पुढच्या रविवारी परीक्षेचं कारण सांगितलं. मग नोकरी, मग लग्न. वर्षातून एकदा नाताळला यायची, केक खायची आणि तासाभरात उठायची. तुम्ही पेटीचा विषय काढला नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचात, दोन माद्या आहेत, नर कधीतरी मिळेल कुणाला तरी. तुमची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली, आणि त्या दोन वर्षांत मी एकदाही आले नाही. अंत्यविधीला आले, चर्चमध्ये अगदी मागे उभी राहिले. दफनभूमीत सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी टाकली नाही, रांग संपण्याआधीच निघाले.

तुम्ही गेल्यावर दहा वर्षांनी तुमच्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती परदेशी कायमची चालली होती, घरातलं सामान आवरताना पेटी सापडली होती आणि पेटीच्या झाकणाला आतून माझं नाव लिहिलेली चिठ्ठी होती. ती स्वतः माझ्या बिल्डिंगखाली येऊन पेटी आणि एक वही देऊन गेली. वर आल्यावर मी दार लावून घेतलं. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला. दोन त्रिकोण जिथल्या तिथे होते. एकाखाली तुमची नेहमीची जागा-तारखेची चिठ्ठी. दुसऱ्याखाली तीच चिठ्ठी, आणि तिच्याखाली आणखी एक, बारीक, कापऱ्या हाताने मराठीत लिहिलेली: नर. अवयव गहाळ. खाली तारीख होती, त्या दुपारनंतरच्या आठवड्यातली.

मग मी वही उघडली. तिच्यात कितीतरी वर्षांपूर्वीचं, हात स्थिर असतानाचं तुमचं चित्र होतं. त्या भुंगेऱ्याच्या पोटाची शेवटची कडी खालून, आणि तिच्या काठावरची बारीकशी खाच. शेजारी लिहिलं होतं: खाच फक्त यालाच. नर. म्हणजे मी खुर्चीवर बसून ते वाक्य बोलले तेव्हा ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही "नीट पाहिलंस?" विचारलंत ते भुंगेऱ्याबद्दल नव्हतं. तुम्ही मला एक संधी दिली होतीत आणि मी ती घेतली नाही, आणि त्यानंतर तुम्ही लोकांना दोन माद्या म्हणून सांगत राहिलात. चुकीची नोंद तुम्हाला सहन व्हायची नाही, चिठ्ठी नसलेली बाटली तुम्ही मोरीत ओतायचा. पण माझ्यासाठी चारचौघांत ती चूक चालवून घेतलीत आणि खरं ते फक्त टाचणीखाली लिहून ठेवलंत. मला त्या संध्याकाळी तुमचा रागच आला, सर. वाटलं, ओरडला असतात तर मी दुसऱ्याच दिवशी परत आले असते.

चार वर्षांनी बेटावर जायची परवानगी मिळाली. वनखात्याची पत्रं, तपासण्या, मग बोट. बोटीवर आमच्या तुकडीतले सगळे आडवे झाले. मी एकटी कठड्याशी उभी राहून डबा खात होते, तेव्हा आईची आठवण आली. तुमच्या वहीत ओढ्याचं वळण काढलेलं होतं, पण ओढ्याने जागा बदलली होती. मग अंदाजाने रोज नवा तुकडा धरायचा. झाडं इतकी उंच की शेंडा बघायला मान दुखते, खाली पाचोळ्याचा ओला थर, जळवा. चाळणीच्या पिशवीत पाचोळा भरायचा, हलवायचा, खाली पडलेला भुगा पांढऱ्या कापडावर पसरून बघत बसायचं. सुक्या जवळ्यातली वाळू काढायला आम्ही घरी असंच बसायचो. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी एक मादी, तांबूस पाठीची. ती मी तुमच्याच चिमट्याने उचलली. मग आणखी दोन माद्या. शेवटच्या आदल्या दिवशी, एका पडलेल्या ओंडक्याच्या सालीखाली, पाच एकत्र. त्यांतल्या तिघांना खाच होती. भिंगातून ती खाच दिसली तेव्हा मी जोडीदाराला हाक मारायच्या आधी तुमची वही उघडून शेजारी धरली. तुम्ही काढलेल्या चित्रात आणि तिच्यात काडीचा फरक नव्हता.

परत आल्यावर विच्छेदन मीच केलं. मे महिना होता. प्रयोगशाळेचं दार लावलं, पंखा बंद, खिडक्या बंद. तीन नर होते तरी पहिल्याला हात लावायला दोन दिवस घेतले. अवयव निघाला तो होडीच्या सुकाणूसारखा, टोकाशी किंचित दुभंगलेला. असा दुसऱ्या कुठल्याच जातीचा नाही. आता आम्ही पायाच्या तुकड्यातून डीएनए काढतो, तोही वेगळा आला. तुमच्या जाणकाराला जे हवं होतं ते सगळं कागदावर आलं. तुमचा हेका होता की नाव किड्याबद्दल असावं, माणसाबद्दल नाही, म्हणून मी तुमचं नाव त्याला दिलं नाही, तांबूस पाठीवरून दिलं. पण लेखकांत तुमचं नाव पहिलं आहे. माझा सहकारी म्हणाला, गेलेल्या माणसाला लेखक करता येतं का? मी त्याला वही दाखवली. त्याने पानं उलटली आणि नावांचा क्रम तसाच ठेवला. तपासलेल्या नमुन्यांच्या यादीत तुमचे दोन्ही भुंगेरे आहेत. एक मादी. एक नर, अवयव गहाळ. छापखान्याच्या भाषेत कुणी हरवला ते लिहायची पद्धत नसते.

या रविवारी मी छापील प्रत घेऊन नंदाखालला गेले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. वाडी अर्धी उरली आहे, पण केळी आहेत. आंटी आता पुतण्याच्या घरी असतात, शेजारीच. ऐकू कमी येतं, बाकी तशाच आहेत. मला दारात बघून त्यांनी ओळखलं आणि आधी आईची चौकशी केली. आईला जाऊनही सहा वर्षं झाली हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला तो सोडला नाही. मी पान उघडून दिलं. त्यांनी तुमच्या नावावर बोट ठेवलं. मासिकाची रीत अशी की हयात नसलेल्या लेखकाच्या नावाशेजारी एक छोटी खूण छापतात, उभ्या रेघेवर आडवी रेघ. आंटी ती खूण निरखत राहिल्या. "क्रूस पन टाकलास," त्या म्हणाल्या. "बरं केलंस बाय." मी दुरुस्त केलं नाही.

मग त्यांनी पान मांडीवर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या की तुम्ही आजारात दोन-तीनदा माझी वाट पाहिली होती. गेटचा आवाज झाला की विचारायचात, कोण आलं. आंटींनी एकदा विचारलं, कुणाची वाट बघताय? तर तुम्ही म्हणालात, ती पाचूबंदरची पोर येईल, तिच्याकडे मला सांगायचं काहीतरी राहिलंय.

"काय सांगायचं होतं गो तुला?" आंटींनी विचारलं.

त्यांचा हात माझ्या हातावर होता. सुरकुतलेला, हलका. याच हाताने त्यांनी ते बटण दाबलं होतं, माझा घाम बघून. मी सांगितलं असतं तर त्यांनी ते पहिल्यांदा आत्ता, या वयात ऐकलं असतं, आणि पुढे रोज रात्री झोपताना तेच आठवलं असतं. मी म्हणाले, "काही नाही आंटी, त्या किड्याचंच होतं."

"मग झालं की आता," त्या म्हणाल्या, आणि पुतण्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितलं.

हे पत्र मी तुमच्या पेटीत ठेवणार होते. पण पेटी आता संस्थेच्या कपाटात जमा झाली आहे, आणि तिथे बाहेरचा कागद ठेवता येत नाही. घरीच कुठल्यातरी वहीत राहील. एक गोष्ट मात्र लिहून टाकते. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की आपण गप्प आहोत ते आंटींना लागू नये म्हणून. तसं नव्हतं, सर. मी माझ्यासाठी गप्प होते. आंटींसाठी गप्प राहिले ती फक्त या रविवारी.